मोजणीच्या दिवशी रानात उभ्या राहा

सांगोला तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"मॅडम, नमस्कार. आमचं साडेतीन एकर रान आहे. दीड एकर डाळिंब, बाकी ज्वारी नाहीतर मका. राष्ट्रीय महामार्ग आमच्या रानातून तिरका चाललाय. विहीर एका अंगाला राहतेय आणि उरलेली बाग दुसऱ्या अंगाला. सातबारा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. ते वारले, मागोमाग माझे मालकही गेले. वारस नोंद कुणी केलीच नाही. आता नोटीस सासऱ्यांच्या नावानं आलीय. भाऊजी म्हणतात, संमतीपत्रावर सही करा, पैसे सगळे माझ्या खात्यावर येऊ देत, नंतर वाटून घेऊ. गावात काही जण म्हणतात मोजणीच होऊ द्यायची नाही. काही म्हणतात समृद्धीला पाचपट मिळाले, आपल्यालाही मिळतील. जमीन द्यायची नाही असं आम्हाला म्हणता येतं का? सही करू का? आणि एकदा पैसे उचलले की पुढं भांडता येत नाही म्हणतात, ते खरं का? पदरात दोन मुलं आहेत."

ताई, आधी सहीचं सांगते. त्या संमतीपत्रावर सही करू नका. तुमच्या भाऊजींच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही, आणि वाईट असेल असं मी धरूनही चालत नाही. पण सगळ्या वारसांच्या संमतीनं मोबदला एकाच्या खात्यावर गेला की सरकारच्या दृष्टीनं विषय मिटतो. नंतर तुमचा हिस्सा मिळाला नाही तर भूसंपादन कार्यालय तुम्हाला दारात उभं करणार नाही. दिवाणी दावा लावा म्हणतील, आणि तो दावा तुम्ही ज्यांच्या शेजारी राहता त्यांच्यावरच लावावा लागेल. भूसंपादनाची जी कामं माझ्याकडे येतात त्यांतली सगळ्यात दुःखाची हीच असतात. रस्ता होऊन त्यावरून गाड्या धावायला लागलेल्या असतात आणि सख्खी माणसं कोर्टाच्या पायऱ्यांवर एकमेकांकडे पाठ करून बसलेली असतात.

भाऊजींना इतकंच सांगा की ज्याचा हिस्सा त्याच्या खात्यावर जाऊ दे. यात अविश्वास दाखवण्याचा प्रश्नच येत नाही, सरकारी पद्धतच तशी आहे. सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुतेक तुमचे प्रांत किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, प्रत्येक हक्कदाराकडून आधार, पॅन आणि बँक पासबुक मागतात आणि रक्कम थेट खात्यात टाकतात. मात्र हिस्से किती, यावर घरात एकमत करून जा. वाटणीचा वाद तिथं उभा राहिला तर कायद्याप्रमाणे तो निर्णयासाठी दिवाणी न्यायालयाकडे पाठवला जातो, आणि निकाल लागेपर्यंत कुणाच्याच हाती दमडी लागत नाही. वर्षं जातात. म्हणून हिस्स्यांवर एकी आणि खाती वेगळी, असं धरा.

हिस्से ठरवताना सासूबाई असतील तर त्या, भाऊजी, नणंद, आणि तुमच्या मालकांच्या जागी तुम्ही व दोन्ही मुलं, असे सगळे धरायचे आहेत. नणंदेचं नाव लोक हमखास गाळतात. लग्नात दिलं-घेतलं, आता तिचा काय संबंध, असं म्हणतात. 2005 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. त्या वेळी वडील हयात होते की नव्हते यानं फरक पडत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलं. तुम्ही स्वतः बाई आहात, हक्कासाठी मला लिहिता आहात. नणंदेचा हक्क डावलायच्या कामात तुमची सही असू नये असं मला मनापासून वाटतं. त्या राजीखुशीनं हक्क सोडणार असतील तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र होऊ द्या, पण ते कुणाच्या लाभात लिहिलंय ते वाचून घ्या. पुष्कळदा ते एकट्या भावाच्या नावानं लिहिलेलं असतं आणि विधवा भावजयीला पत्ताच नसतो.

वारस नोंदीचा अर्ज याच आठवड्यात द्या. सासरे आणि मालक, दोघांचे मृत्यूचे दाखले, वारसांची नावं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र आणि चालू सातबारा व आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा) घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा. ऑनलाइनही अर्ज करता येतो. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. 2025 साली महसूल खात्यानं मयतांच्या जागी वारसांची नावं लावायला 'जिवंत सातबारा' म्हणून मोहीमच काढली होती, इतक्या गावांत इतके सातबारे असे अडकलेले आहेत. अर्जाची पोच घ्या आणि तिची एक प्रत भूसंपादन कार्यालयात देऊन ठेवा, सोबत अर्ज लिहा की अमुक गटात आम्ही वारस आहोत, यापुढच्या नोटिसा आमच्या नावानं द्याव्यात. मयताच्या नावानं नोटीस आली म्हणून संपादन आपोआप रद्द होतं असं गावात कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका.

आता, जमीन देणार नाही असं म्हणता येतं का? म्हणता येतं, पण त्या एका शब्दावर रस्ता थांबत नाही. मालमत्तेचा हक्क 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं मूलभूत हक्कांतून काढला गेला. आज तो कलम 300अ मध्ये आहे: कायद्याच्या अधिकाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे कायदा असला तर घेता येते. गावात '80 टक्के शेतकऱ्यांची संमती लागते' असं जे बोललं जातं ते 2013 च्या भूसंपादन कायद्यातलं आहे आणि खासगी कंपन्यांसाठी जमीन घेताना लागू होतं. तुमची जमीन घेतली जातेय ती राष्ट्रीय महामार्ग अधिनियम 1956 खाली. त्यात संमतीची अट नाही.

पण याचा अर्थ तुम्ही हात जोडून बसायचं असा नाही. मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सांगितलं की नुसता कायदा आहे आणि नुकसानभरपाई देतो, एवढ्यावर संपादन वैध ठरत नाही. मालकाला नोटीस मिळाली पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे, निर्णयाला कारणं दिली पाहिजेत, हेतू सार्वजनिक हवा, मोबदला रास्त हवा, काम वेळेत झालं पाहिजे आणि ते शेवटापर्यंत गेलं पाहिजे. कार्यालयात कुणी 'बाई, हे ऑर्डर झालेलं आहे, तुम्हाला काय कळतंय' असं म्हणालं तर हे लक्षात ठेवून शांतपणे सांगा की माझी हरकत लेखी घ्या आणि पोच द्या.

कामाचा क्रम असा असतो. कार्यालयात सगळे या 1956 च्या कायद्यातल्या कलमांची नावं इंग्रजी अक्षरांनीच घेतात, म्हणून मीही तसंच लिहिते. आधी 'थ्री-ए' होते, म्हणजे अमुक गावातले अमुक गट नंबर घेण्याचा इरादा राजपत्रात येतो आणि दोन वर्तमानपत्रांत छापला जातो, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं असतं. तिथून 21 दिवसांत 'थ्री-सी'खाली लेखी हरकत देता येते आणि त्यावर सुनावणी होते. मग 'थ्री-डी' होते. ती राजपत्रात आली की त्या क्षणी जमीन केंद्र सरकारची, सगळ्या बोजांतून मुक्त. तुमचा सातबारा कपाटात असला तरी मालकी गेलेली असते. 'थ्री-ए'पासून एका वर्षात 'थ्री-डी' झाली नाही तर आधीची अधिसूचना निकामी होते, फक्त कोर्टाची स्थगिती असेल तो काळ धरत नाहीत. त्यानंतर 'थ्री-जी'खाली मोबदल्याचा निवाडा, आणि रक्कम जमा झाल्यावर ताब्याची नोटीस.

तुमच्या हातात आलेली नोटीस यांतली नेमकी कुठली, ते पत्रावरून कळत नाही. तिच्यावर कलम छापलेलं असतं, ते बघा. 'थ्री-ए' असेल तर 21 दिवस मोजायला लागा, कारण ते दिवस राजपत्र छापल्यापासून धावतात, पोस्टमननं पाकीट दिल्यापासून नाही.

हरकतीत दराबद्दल लिहून उपयोग नसतो. दर 'थ्री-जी'च्या वेळी निघतो. रस्त्याची आखणी दोनशे फूट सरकवा असं लिहिता येतं, पण एकट्या दुकट्या शेतकऱ्याच्या हरकतीवर ती सरकल्याचं फार कमी बघायला मिळतं. गाव एकत्र आलं तर गोष्ट वेगळी. शक्तीपीठ महामार्गाला कोल्हापूर जिल्ह्यात जो विरोध झाला त्याची दखल सरकारला घ्यावी लागली. गाव तसं उभं राहत असेल तर त्यात सामील व्हा, तो तुमचा हक्क आहे. मात्र तुमच्या हरकतीच्या कागदावर एक मागणी नक्की घाला, ती म्हणजे पाण्याची. विहीर रस्त्याच्या एका अंगाला आणि बाग दुसऱ्या अंगाला राहणार असेल तर रस्त्याच्या भरावाखालून तुमची पाइपलाइन जाईल असा मोठा सिमेंटचा पाइप आताच टाकून द्या, असं गट नंबर, विहिरीची जागा आणि हातानं काढलेला नकाशा जोडून लिहा. तीच प्रत महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना द्या. काम चालू असताना असा पाइप टाकणं ठेकेदाराला अवघड नसतं. डांबर किंवा काँक्रीट झाल्यावर मात्र तुम्हाला परवानगीसाठी वर्षभर फिरावं लागेल आणि तोवर बाग वाळेल. बैलगाडी आणि ट्रॅक्टर पलीकडे कुठून जाणार, भुयारी मार्ग किती लांब आहे, पावसाचं वाहतं पाणी कुठं काढलंय, हेही त्यातच विचारा. बऱ्याच नव्या महामार्गांना दोन्ही बाजूंनी कुंपण असतं आणि मधून कुठूनही ओलांडता येत नाही, हे बऱ्याच जणांना रस्ता झाल्यावरच समजतं.

आता मोजणीकडे येते. ताई, माझं सगळं सांगणं या एका दिवसाभोवती आहे. मोजणी अडवा म्हणणाऱ्यांचा संताप मला समजतो. पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग आहे, तिथं अनोळखी माणूस येऊन चुन्याच्या रेघा मारतो, तेव्हा जिवाचं पाणी होतं. पण कायद्यानं त्यांना मोजणीसाठी आत येण्याचा अधिकार दिलाय. हाकलून लावलं तर ते पोलीस बंदोबस्तात येतात, किंवा उपग्रहाच्या नकाशावरून आणि कार्यालयातल्या कागदांवरून पत्रक तयार करतात. उपग्रहाला जमिनीखालची पाइपलाइन दिसत नाही. बोअर दिसत नाही. झाड दोन वर्षांचं की सात वर्षांचं ते दिसत नाही. जे पत्रकात लिहिलं गेलं नाही त्याचा पैसा मिळत नाही, आणि नंतर कितीही मोठा वकील दिला तरी तोडून टाकलेल्या झाडाचं वय सिद्ध करता येत नाही.

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा भूकरमापक, महामार्गाचे प्रतिनिधी, तलाठी असे येतात. कधी कृषी सहायक बरोबर असतात, कधी झाडांची पाहणी वेगळ्या दिवशी होते. तारीख आधी विचारून ठेवा आणि त्या दिवशी स्वतः उभ्या राहा. भाऊजी आहेत ना तिथं, म्हणून घरी थांबू नका. मुलगा मोठा असेल तर त्याला मोबाइल घेऊन बरोबर ठेवा, फोटोवर जागा आणि तारीख उमटेल असं करून. आदल्या दिवशी रांगेरांगेनं झाडं मोजा आणि वहीत लिहा: अमुक रांग, इतकी झाडं, अमुक साली लागवड. हद्दीच्या दगडाच्या आत येणारी आणि बाहेर राहणारी झाडं वेगळी लिहा. पाइपलाइन जिथून जाते तिथं दोन ठिकाणी उकरून ठेवा म्हणजे पाइप डोळ्यांना दिसेल, आणि लांबी फुटांत किंवा मीटरमध्ये लिहायला लावा. ठिबकच्या नळ्या, विहिरीचं बांधकाम, मोटार, स्टार्टरची खोली, शेततळं, बांधावरची आंबा-लिंब-चिंच, तार-कुंपण, गोठा. बांधावरची झाडं हमखास सुटतात, कारण मोजणारा रस्त्याच्या मध्यरेषेवर लक्ष ठेवून चालत असतो.

झाडांच्या वयाला पुरावा लागतो. रोपं घेतल्याची पावती, ठिबकच्या अनुदानाचे कागद, फळपीक विमा भरल्याची पावती, बाजार समितीत डाळिंब घातल्याच्या हिशेबपट्ट्या, हे सगळं घरात कुठंतरी पिशवीत असेल. शोधा. एका पट्टीवरून कळतं की त्या साली बागेला फळ होतं, म्हणजे झाड किती जुनं असलं पाहिजे. कृषी खात्याचं मूल्यांकन झाडाचं वय आणि उत्पन्न यांवरच चालतं. तसंच सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का आणि पीक पाहणीत डाळिंब लागलंय का, ते बघा. रान प्रत्यक्षात बागायत आणि कागदावर जिरायत, असं कितीतरी ठिकाणी असतं, आणि दर कागदाप्रमाणे लागतो. 2021 पासून ई-पीक पाहणी तुम्हीच मोबाइलवरून करता, तेव्हापासूनच्या हंगामांच्या नोंदी काढून ठेवा. 'थ्री-ए'नंतर घाईघाईनं झाडं लावली किंवा शेड मारली तर ती धरत नाहीत, आणि उलट तुमच्या खऱ्या झाडांवरही शंका घेतली जाते. कुणी तसा सल्ला दिला तर ऐकू नका.

मोजणी झाल्यावर पंचनाम्यावर सही मागतात. वाचून, आपल्या वहीशी ताडून मगच करा. काही सुटलं असेल तर सहीच्या वर लिहा: 'बांधावरील आठ लिंब व 300 फूट पाइपलाइन नमूद नाही, हरकत राखून सही'. ते लिहू देत नसतील तर सही करू नका आणि दुसऱ्याच दिवशी तसा अर्ज कार्यालयात देऊन पोच घ्या.

पैशाचं गणित पुढं तुम्हाला समजावं म्हणून मांडते. 2013 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून आला, आणि त्यातला मोबदल्याचा भाग 2015 पासून राष्ट्रीय महामार्गांनाही लागू झाला. जमिनीचा बाजारभाव 'थ्री-ए'च्या तारखेचा धरतात. रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर आणि आसपासच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतलं जे जास्त ते घ्यायचं. त्याला ग्रामीण भागात 1 ते 2 च्या दरम्यानचा गुणांक लागतो, म्हणजे त्या आकड्यानं भावाला गुणायचं, आणि तो राज्य सरकार ठरवतं. त्यात झाडं, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची. आणि जी बेरीज येईल तितकीच रक्कम पुन्हा दिलासा म्हणून द्यायची, 100 टक्के. याशिवाय बाजारभावावर 'थ्री-ए'पासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तोवर वर्षाला 12 टक्के.

समजा तुमचे 40 आर, म्हणजे साधारण एकरभर जातंय आणि दर हेक्टरी 20 लाख निघाला (हा आकडा मी फक्त समजावण्यासाठी घेतलाय). जमिनीचे 8 लाख झाले. झाडं, पाइपलाइन वगैरेचे 5 लाख धरू. गुणांक 1 असेल तर 13 लाख, आणि दिलाशासह 26 लाख. गुणांक 2 असेल तर जमिनीचे 16 लाख, अधिक 5 लाख, मिळून 21 लाख, आणि दिलाशासह 42 लाख. फरक केवढा पडतो बघा. म्हणून निवाड्यात कोणता गुणांक लावला आणि तो कोणत्या अधिसूचनेप्रमाणे, हे लेखी मागा. महाराष्ट्रात हा गुणांक वेळोवेळी बदललेला आहे, शेजारच्या तालुक्यात आधी मिळाला तोच मिळेल असं धरू नका. आणि या गणितात आणखी एक बघा: झाडांची किंमतही दिलाशामुळे दुप्पट होते. पंचनाम्यातून सुटलेलं एक झाड तुम्हाला दोन झाडांइतकं महाग पडतं.

खरेदीखतांचं एक दुखणं आहे, तेही बोलायला हवं. आपल्याकडे मुद्रांक शुल्क वाचवायला खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची सवय आहे. वरचे पैसे रोखीत दिले जातात. भूसंपादन येतं तेव्हा ती कमी लिहिलेली किंमतच साऱ्या गावाचा भाव ठरते. त्याला आता इलाज नाही, पण नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या आणि लगतच्या गावातले तीन वर्षांतले व्यवहार काढा. बागायत जमिनीचे चांगल्या दराचे दस्त सापडतात. त्यांच्या नकला दुय्यम निबंधकाकडून घेऊन 'थ्री-जी'च्या नोटिशीनंतर मागणी अर्जाला जोडा. ही मेहनत चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून केली तर खर्चही वाटला जातो.

त्याच अर्जात उरलेल्या तुकड्याचं नुकसान मागा. हे पुष्कळजण विसरतात. रस्त्यानं रान दोन भागांत तुटलं, पलीकडच्या तुकड्याला पाणी नाही, वाट लांब पडली, तर त्या तुटण्याचा वेगळा मोबदला 1956 च्याच कायद्यात सांगितलाय. मागितला नाही तर कुणी आपणहून देत नाही.

समृद्धीचं पाचपट. तो 701 किलोमीटरचा रस्ता राज्य सरकारचा आहे आणि त्याच्यासाठी शेवटी बहुतेक जमीन थेट खरेदीनं घेतली गेली. ग्रामीण भागात 2 गुणांक आणि दिलासा धरून चौपट, त्यावर राजीखुशीनं दिल्याबद्दल 25 टक्के वाढीव, असे ते पाचपट झाले. तुमचं संपादन वेगळ्या कायद्याखाली, सक्तीचं आहे. 'पाचपट करून देतो, इतके टक्के द्या' म्हणत कुणी दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. कोऱ्या धनादेशावर किंवा मुखत्यारपत्रावर सही तर अजिबात नाही.

पैसे उचलले की भांडता येत नाही, हे खरं नाही. रक्कम घेताना पावतीवर 'हरकत राखून' असं लिहा आणि घ्या. दर कमी वाटला तर केंद्र सरकारनं नेमलेल्या लवादाकडे जाता येतं. आपल्याकडे ते काम बहुधा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्तालयातले वरिष्ठ अधिकारी बघतात. लवादानं रक्कम वाढवली तर वाढीव रकमेवर ताब्यापासून वर्षाला 9 टक्के व्याज मिळतं. उशीर करू नका, आणि जो काय पुरावा आहे तो लवादासमोरच पूर्ण ठेवा. त्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायला तीन महिने असतात, सबळ कारण दिलं तर आणखी 30 दिवस, त्यापुढे दार बंद. आणि न्यायालय तिथं दर नव्यानं ठरवायला बसत नाही. लवादाचा निर्णय कायद्याला धरून आहे का, एवढंच मुख्यतः बघतं.

ताब्याचंही असंच आहे. रक्कम सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा झाल्यावर ताब्याची नोटीस निघते आणि ती मिळाल्यापासून 60 दिवस असतात. त्याआधी ठेकेदाराचा जेसीबी बांधावर आला तर त्याच्यापुढे आडवं पडू नका, अंगावर घेऊ नका. ताब्याचा आदेश दाखवा म्हणा, नसेल तर फोटो काढा आणि प्रांत व पोलीस ठाण्यात त्याच दिवशी अर्ज द्या. बाग बहरात असेल, फळ महिन्याभरात उतरणार असेल, तर तेवढी मुदत लेखी मागा. बरेच अधिकारी देतात.

सातबाऱ्यावर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर रकमेतून आधी तो वळता होऊ शकतो, तेव्हा थकबाकीचा दाखला घेऊन ठेवा. 2013 च्या कायद्याच्या कलम 96 प्रमाणे मोबदल्यावर प्राप्तिकर नाही. कापला गेला तर विवरणपत्र भरून परत मागता येतो. मुलांच्या वाट्याचे पैसे त्यांच्या नावाच्या खात्यात वेगळे ठेवा.

आता तुम्ही एवढं करा. नोटीस, सातबारा, आठ-अ आणि गटाचा नकाशा यांच्या प्रती मला पाठवा, आणि 'थ्री-ए'च्या राजपत्राची तारीख कार्यालयातून विचारून कळवा. 21 दिवसांतले दिवस उरलेले असतील तर पाण्याच्या पाइपच्या हरकतीचा मसुदा मी लिहून देईन. त्याची फी घेणार नाही.